टीव्ही वायफायला 'कनेक्टेड' दाखवतो, पण नेट नाही: लाइन गेली की पुन्हा तेच

संत्रापट्टा | रविवार, रात्री ८.४०

नमस्कार मंडळी. मोर्शी तालुक्यातलं गाव, घरी फायबर, ४० एमबीपीएसचा प्लॅन. टीव्ही ४३ इंची, अँड्रॉइड, पाच वर्षं जुना. घरातल्या चारही मोबाइलवर नेट नीट चालतं. टीव्हीवर मात्र वायफायच्या नावाखाली 'कनेक्टेड, नो इंटरनेट' एवढंच येतं. लाइन थोडा वेळ गेली तर इन्व्हर्टरवर निभावतं, काही होत नाही. तीन-चार तास गेली आणि बॅटरी उतरली की हा प्रकार सुरू होतो, मग प्लग काढून घातला तरी फरक नाही. मागच्या वेळी दुकानदाराने येऊन काहीतरी सेटिंग करून दिली, आठवडाभर चाललं. परवा लाइन गेली, पुन्हा तेच. आता तो म्हणतो की वायफायचं कार्ड गेलं, बोर्ड बदलावा लागेल.

राउटर सपरीत खिडकीच्या कट्ट्यावर आहे, टीव्ही मधल्या घरात. मधे एक मातीची जाड भिंत, एक विटांची. सपरीवर टिन. बोर्ड बदलण्याआधी काय काय तपासून घ्यावं?

ओएनटी_अकोट | रविवार, रात्री ९.०५

बोर्डाला हात लावू देऊ नका. कार्ड गेलेल्या टीव्हीत 'कनेक्टेड' हा शब्दच उमटत नाही. तिथे वायफायचं बटण राखाडी होऊन बसतं, नावांची यादी रिकामी राहते, नाहीतर मॅक ॲड्रेसच्या, म्हणजे कार्डाच्या ओळख क्रमांकाच्या, जागी सगळी शून्यं दिसतात. तुमचा टीव्ही राउटरपर्यंत पोचतोय. अडलंय त्याच्या पुढे.

तीन गोष्टी बघून इथे लिहा.

१. एका मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर हॉटस्पॉट लावा आणि टीव्ही त्याला जोडा. तिथे नेट चाललं तर दोष राउटरकडे, नाही चाललं तर टीव्हीकडे. अर्धं काम या एका चाचणीत होतं.

२. घरच्या वायफायवर परत या. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे आपल्या वायफायच्या नावावर ओके दाबा. आयपी ॲड्रेस काय दिसतो? १९२.१६८ ने सुरू होत असेल तर ठीक. १६९.२५४ ने सुरू होत असेल किंवा ०.०.०.० असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही.

३. टीव्हीवरची तारीख आणि वेळ. मिनिटासकट लिहा, अंदाजे नको.

संत्रापट्टा | रविवार, रात्री ९.५०

हॉटस्पॉटवरही तेच, 'नो इंटरनेट'.
आयपी १९२.१६८.१.७, गेटवे १९२.१६८.१.१.
तारीख १ जानेवारी २०१८, पहाटे ५.५२. हे मी आजवर पाहिलंच नव्हतं. 'ऑटोमॅटिक डेट अँड टाइम' ऑफ आहे.

ओएनटी_अकोट | रविवार, रात्री १०.१०

सापडलं. वेळ नीट बघा: ५.५२. टीव्हीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सुरुवातीची तारीख भरलेली असते, ग्रिनिचच्या मध्यरात्रीची. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच. म्हणजे तुमचा टीव्ही प्लग लावल्यापासून फक्त २२ मिनिटं मोजतोय, बाकी त्याला काहीच आठवत नाही. बहुतेक टीव्हींत घड्याळ जिवंत ठेवणारा सेल नसतोच. पूर्ण वीज तुटली की घड्याळ पुसलं जातं.

याचा नेटशी संबंध असा. आज जवळपास प्रत्येक ॲप सुरक्षित जोडणीवर चालतं. समोरचा सर्व्हर आधी आपलं सर्टिफिकेट दाखवतो, त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं. टीव्ही २०१८ सालात बसलेला. त्याच्या हिशेबाने ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो जोडणी नाकारतो. नेट आहे की नाही हे ठरवायला अँड्रॉइड एका ठरावीक पत्त्यावर विचारणा करतो, तीही अशीच अडते, आणि मग 'नो इंटरनेट' हा शिक्का बसतो. मोबाइलला टॉवरकडून वेळ मिळते, म्हणून त्याच वायफायवर मोबाइल सुरळीत.

मागच्या वेळी बहुधा तारीख हाताने टाकली गेली आणि ती टाकण्यासाठी ऑटोमॅटिक बंद केलं गेलं. लाइन जाईपर्यंत ते टिकलं.

आता असं करा. सेटिंग्ज, डिव्हाइस प्रेफरन्सेस, डेट अँड टाइम. नव्या आवृत्तीत हेच 'सिस्टीम'च्या आत सापडतं. ऑटोमॅटिकमध्ये 'यूज नेटवर्क प्रोव्हाइडेड टाइम' निवडा. काही टीव्हींत शेजारीच 'ट्रान्सपोर्ट स्ट्रीम' असा पर्याय असतो, तो घेऊ नका. तो टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरवर येणाऱ्या प्रसारणातून वेळ उचलतो. अँटेनाच्या पिनेत काही जोडलेलं नसेल तर वेळ कधीच येणार नाही. टाइम झोन कोलकाता, +५:३०. मग रिमोटचं पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा आणि येणाऱ्या मेनूतून रीस्टार्ट करा. नुसतं बटण दाबून बंद केलेला टीव्ही झोपलेला असतो, तो रीस्टार्ट होत नाही.

संत्रापट्टा | सोमवार, सकाळी ७.१५

रीस्टार्टनंतर दीड मिनिटात तारीख बरोबर आली आणि नेट सुरू. बोर्डाचा खर्च वाचला, आभार. आता लाइन गेली की पुन्हा नाही ना होणार?

सोल्डर_वर्धा | सोमवार, सकाळी ९.३०

होऊ शकतं, आणि ते कशामुळे हे समजून घेतल्याशिवाय हा त्रास कायमचा जात नाही.

लाइन आल्यावर टीव्ही अर्ध्या-एक मिनिटात उभा राहतो. फायबरच्या डब्याला, म्हणजे राउटरसकट ओएनटीला, दोन ते चार मिनिटं लागतात: स्वतः सुरू व्हायचं, पॉनचा, म्हणजे फायबर जोडणीचा, दिवा स्थिर करायचा, मग युजरनेम-पासवर्ड देऊन कंपनीकडून पत्ता घ्यायचा. यातलं वायफाय सगळ्यात आधी लागतं. टीव्ही त्या अर्धवट वायफायला लगेच जोडला जातो, वेळ विचारतो, उत्तर येत नाही. बरेच संच वेळ विचारण्याचे मोजकेच प्रयत्न करतात आणि मग कितीतरी तास पुन्हा विचारत नाहीत. एवढ्यात कुणी प्लग काढून घातला की पहिल्यापासून सुरू.

फुकटातला उपाय: लाइन आल्यावर आधी राउटर चालू करा, मोबाइलवर नेट येऊ द्या, मग टीव्हीचं बटण. दोघांची बटणं वेगळी असू द्या. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर दोन्ही असतात तिथेच हा गोंधळ जास्त.

पक्का उपाय: ओएनटीला मिनी यूपीएस. घेताना चार गोष्टी बघा. ओएनटीच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर, बहुतेक १२ व्होल्ट १ किंवा १.५ अँपिअर, यूपीएस तितक्याच व्होल्टचा आणि तितक्या किंवा जास्त अँपिअरचा हवा. पिन बहुधा ५.५ बाय २.१ मिमी. प्लस आत आणि मायनस बाहेर आहे का, हे ॲडॉप्टरवरच्या गोल चिन्हात दिसतं. आणि चौथी गोष्ट क्षमता. डब्यावर १०,४०० एमएएच छापलेलं असतं ते ३.७ व्होल्टच्या सेलचं, म्हणजे ३८ वॅट-तास. रूपांतरात घट धरून हाती ३० येतात. ओएनटी ८ वॅट खात असेल तर पावणेचार तास. एमएएचचा आकडा बघून 'दिवसभर चालेल' असं समजू नका.

इन्व्हर्टर असलेल्यांसाठी: मागच्या बाजूला यूपीएस आणि नॉर्मल, काहींवर इको, असं बटण असतं. नॉर्मलवर लाइन ते बॅटरी हा बदल जरा सावकाश होतो, त्यात ओएनटी दचकून रीस्टार्ट होतो. यूपीएसवर बदल झटपट होतो, पण व्होल्टेज साधारण १८० च्या खाली आलं की इन्व्हर्टर थेट बॅटरीवर जातो. उन्हाळ्यात संध्याकाळी गावभर कूलर लागले की व्होल्टेज १८० ला टिकत नाही. म्हणजे लाइन असूनही बॅटरी संपते. आपल्याकडे इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवून ओएनटीला वेगळा मिनी यूपीएस देणं जास्त सोयीचं.

वऱ्हाडी_पावणा | सोमवार, दुपारी १.२०

भाऊ, आमच्या टीव्हीले तर घरच्या वायफायचं नावच दिसत नाई. शेजारच्याचं दिसते. मोबाइलले दोन्ही दिसते. राउटर नवा हाय, मागच्या महिन्यात बदलला. काहून होत असन?

चॅनल_छत्तीस | सोमवार, दुपारी २.००

नवा राउटर म्हणजे बहुतेक दोन पट्ट्यांचा: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. स्वस्तातल्या आणि जुन्या टीव्हींत फक्त २.४ चं कार्ड असतं. राउटरवर २.४ बंद असेल तर त्या टीव्हीसाठी तुमचं वायफाय अस्तित्वातच नाही.

राउटरच्या मागच्या स्टिकरवर पत्ता असतो, १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो टाका, स्टिकरवरचाच पासवर्ड. वायरलेसमध्ये जा.

२.४ चालू करा. चॅनल, म्हणजे पट्ट्यातली मार्गिका, 'ऑटो'वर ठेवू नका. १, ६ किंवा ११ यांपैकी एक द्या. ऑटोवर राउटर कधी १२ किंवा १३ वर जातो, आणि बरेच टीव्ही ११ च्या पुढे बघतच नाहीत. तेव्हा वायफाय आज दिसतं, उद्या गायब. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ.

५ चं कार्ड असलेल्या टीव्हीलाही अशीच अडचण येते. ५२ ते १४४ ही चॅनल रडारसोबत वाटून घेतलेली आहेत, अनेक टीव्ही ती वापरत नाहीत. ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतलं चॅनल ठेवा.

सुरक्षा: डब्ल्यूपीए-२ पर्सनल, एईएस. नवे राउटर डब्ल्यूपीए-३ वर येतात. जुन्या टीव्हीत नाव दिसतं, पासवर्ड बरोबर असतो, तरी 'पासवर्ड चुकीचा' असंच येतं. लोक दहादा पासवर्ड टाकत बसतात. पासवर्डात शून्य आणि इंग्रजी ओ, लहान एल आणि मोठा आय असतील तर बदलूनच टाका. रिमोटने ते ओळखणं त्रासाचं. वायफायच्या नावात इमोजी किंवा मराठी अक्षरं असतील तर तीही काढा, काही टीव्हींना ती वाचता येत नाहीत. दोन्ही पट्ट्यांची नावं वेगळी ठेवलीत तर टीव्ही कशावर आहे हे लगेच कळतं.

वऱ्हाडी_पावणा | सोमवार, संध्याकाळी ६.४५

चॅनल १३ च होता. ६ केला, नाव दिसलं, जुळलं. लई उपकार झाले जी.

संत्रापट्टा | सोमवार, रात्री १०.२०

नेट आहे, तारीख बरोबर आहे, पण संध्याकाळी सातनंतर चित्र थांबत थांबत चालतं. दुपारी असं होत नाही. राउटरजवळ मोबाइलवर स्पीड ३८ दाखवतो.

ओएनटी_अकोट | सोमवार, रात्री १०.४५

स्पीड राउटरजवळ मोजून उपयोग नाही, टीव्हीच्या मागे मोजा. मोबाइलवर वायफाय ॲनालायझरसारखं ॲप घ्या. मोबाइल टीव्हीच्या पाठीला टेकवा आणि उणे डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा वाचा. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ निवांत चालतो, उणे ७५ च्या पुढे अडखळणारच. आणि एक सांगा, राउटरच्या त्या खिडकीत कूलर आहे का?

संत्रापट्टा | सोमवार, रात्री ११.०५

आहे. राउटर कूलरच्या बाजूलाच, हातभर अंतरावर. कूलर बंद असताना टीव्हीमागे उणे ७६, चालू केला तर उणे ७७ ते ७९.

ओएनटी_अकोट | मंगळवार, सकाळी ६.५०

पंखा फिरल्याने फारसा फरक पडत नाही, हे तुमच्याच आकड्यांत दिसतंय. अडथळा आहे तो कूलरच्या अंगाचा. पत्र्याची मोठी पेटी, तीन बाजूंना ओल्या ताट्या, खाली पाण्याची टाकी. पत्रा लहरी परतवतो, पाणी शोषून घेतं. त्यात सपरीवर टिन आणि मधे मातीची भिंत. जुन्या घरांतल्या दीड-दोन फुटी मातीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जवळपास जातच नाही, २.४ कसंबसं जातं. संध्याकाळी गावातले सगळे राउटर आणि मोबाइल एकाच वेळी बोलायला लागतात, तेव्हा हा अशक्त सिग्नल दबतो. दुपारी हवा मोकळी असते म्हणून चालतं.

राउटर कूलरपासून निदान चार-पाच फूट लांब, जमिनीपासून सहा-सात फूट उंच, मधल्या घराच्या दाराच्या रेषेत लावा. दारातून लाट आत शिरते, भिंत टाळली जाते. लोखंडी आलमारी, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्या मागे नको. टिनालगतही नको, हातभर खाली.

राउटर हलवताना फायबरची बारीक वायर ओढू नका. हाताच्या तळव्यापेक्षा लहान गोल करू नका, कोपऱ्यात काटकोनात दाबू नका, खिळा ठोकून बांधू नका. हिरव्या टोकाचा कनेक्टर काढलाच तर पांढऱ्या टोकाला बोट लावू नका. बोटाचं तेल तिथे बसलं की प्रकाश घटतो. ओएनटीच्या पानावर 'आरएक्स पॉवर' दिसते: उणे १५ ते उणे २५ डीबीएम निवांत, उणे २७ च्या पलीकडे गेलं की जोडणी तुटायला लागते. लॉसचा लाल दिवा लागला तर घरात काही करू नका, फायबर कंपनीच्या लाइनमनला बोलवा. आपल्याकडे वानरं छपरावरून उड्या मारताना तीच वायर धरतात. छपरावर ती लोंबती ठेवू नका, भिंतीलगत पाइपातून घ्या.

धानपट्टा_भंडारा | मंगळवार, सकाळी ११.१५

आमचं घर लांबट आहे, राउटर समोर, टीव्ही सगळ्यात मागे, मधे तीन खोल्या. राउटर हलवायला जागा नाही. एक्स्टेंडर घ्यावा का? घरात एक जुना राउटर पडून आहे, तो चालेल?

चॅनल_छत्तीस | मंगळवार, दुपारी १२.००

ताई, एक्स्टेंडर घेऊ नका. स्वस्तातला एक्स्टेंडर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुढे सांगतो, वेग निम्म्यावर येतो. वर, जिथे सिग्नल आधीच मेलेला तिथेच लोक तो लावतात. जुना राउटर उत्तम, फक्त मधे केबल टाकावी लागेल.

जुना राउटर रीसेट करा: टाचणीच्या भोकात दहा सेकंद. मोबाइल त्याच्याच वायफायला जोडून त्याचं पान उघडा. लॅन सेटिंगमध्ये त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, म्हणजे मुख्य राउटरच्या १९२.१६८.१.१ शी टक्कर होणार नाही. मग डीएचसीपी सर्व्हर बंद. हे विसरलं तर घरात दोन राउटर पत्ते वाटायला लागतात. निम्म्या उपकरणांना नेट, निम्म्यांना नाही, आणि दोष सापडता सापडत नाही. वायफायचं नाव वेगळं द्या, चॅनल मुख्य राउटरपेक्षा वेगळं: तिकडे १ असेल तर इकडे ११. केबल मुख्य राउटरच्या लॅनमधून जुन्याच्याही लॅनमध्ये लावा. वॅन लिहिलेल्या, बहुतेक निळ्या, भोकात नको.

केबल कॅट-५ई किंवा कॅट-६, पूर्ण तांब्याची. सीसीए लिहिलेली ॲल्युमिनियमवर तांबं चढवलेली असते, लांबवर दगा देते. टोकं मारताना दोन्हीकडे हाच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. टीव्हीला लॅनचं भोक असेल तर केबल सरळ तिथेच लावा, वायफायचा प्रश्नच मिटतो. बहुतेक टीव्हींचं ते भोक १०० एमबीपीएसचं असतं. फोर-केलाही १५ ते २५ पुरतात, त्यामुळे ते भरपूर.

सोल्डर_वर्धा | मंगळवार, दुपारी १२.४०

वरच्यात एक भर. केबल घराच्या आतूनच न्या. अंगणातून, एका इमारतीतून दुसरीकडे तांब्याची केबल लोंबवली की मृगाआधीच्या विजा तिच्यात शिरतात. वीज अंगावर पडायला लागत नाही, जवळ पडली तरी पुरतं. लॅनचं भोक जळतं आणि कधी टीव्हीचा मुख्य बोर्ड घेऊन जातं. आभाळ गडगडायला लागलं की प्लग आणि लॅनची केबल दोन्ही काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. अर्थिंगही बघा: काळ्या मातीला एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात, कांडी सुकते, अर्थिंग नावापुरती उरते. उन्हाळाभर तिथे आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला.

कापूसवेचणी | मंगळवार, संध्याकाळी ५.३०

फायबर गावात आलेलं नाही. टीव्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवतो. एक आयफोन, एक अँड्रॉइड. आयफोनचा हॉटस्पॉट टीव्हीला दिसत नाही. अँड्रॉइडचा दिसतो, पण तासाभराने ॲप उघडायचीच बंद होतात, 'कनेक्टेड' मात्र कायम.

चॅनल_छत्तीस | मंगळवार, संध्याकाळी ६.१०

आयफोनमध्ये पर्सनल हॉटस्पॉटच्या पानावर 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करा, तो २.४ वर येतो. ते पान उघडंच ठेवून टीव्ही जोडा. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करा आणि 'कुणी जोडलेलं नसेल तर आपोआप बंद' हे काढा.

दुसरं दुखणं रोजच्या डेटाचं आहे. फुल एचडी ५ एमबीपीएसने चाललं तर तासाला सव्वादोन जीबी. दिवसाचे दीड किंवा दोन जीबी तासाच्या आत संपतात आणि वेग ६४ केबीपीएसवर पडतो. जोडणी तुटत नाही, म्हणून 'कनेक्टेड' दिसतं. ॲपमध्ये दर्जा ४८०पी वर बांधा, तासाला अर्धा जीबीच्या आसपास जाईल. टीव्हीचे आणि ॲपचे आपोआप होणारे अपडेटही बंद करा, पहाटे ते निमूट एक जीबी खातात. मोबाइल खिडकीत, टॉवरच्या दिशेला ठेवा, पण उन्हात नको. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो.

वावरातलं_घर | मंगळवार, रात्री ८.००

गावातल्या घरी फायबर आहे, वावरातलं घर तिथून ४०० मीटर. मधे तूर आणि पुढे संत्र्याची झाडं. तिथल्या टीव्हीपर्यंत वायफाय नेता येईल का?

ओएनटी_अकोट | मंगळवार, रात्री ९.१५

येईल, पण राउटरला मोठा अँटेना लावून नाही. दोन्ही टोकांना ५ गिगाहर्ट्झची बाहेर लावायची सीपीई, म्हणजे वायफाय दूरवर फेकणारी अँटेनाची पेटी, लागते, एकमेकींकडे तोंड करून, ब्रिज मोडमध्ये, म्हणजे दोन घरांमधल्या केबलसारखी. हा पट्टा २०१८ पासून घराबाहेरही परवान्याशिवाय वापरता येतो.

सगळं काम उंचीत आहे. एका खांबावरून दुसरा दिसला म्हणजे झालं असं नाही. ४०० मीटरच्या मध्यावर त्या रेषेच्या खालीही साडेचार फूट मोकळं हवं. तूर फुलोऱ्यात डोक्याच्या वर जाते, संत्र्याचं झाड १२ ते १५ फूट. म्हणून दोन्हीकडे २० ते २२ फुटांचा पाइप. पीक नसताना उन्हाळ्यात लावलेली लिंक सप्टेंबरात पडते, कारण ओल्या पानांतून ५ गिगाहर्ट्झ जात नाही. पाइपाला तीन दिशांनी ताण द्या. वाऱ्याने फिरला तर सिग्नल घटतो.

वावरात शेतीच्या फीडरवर लाइन ठरावीक तासच असते, तेवढाच वेळ टीव्ही बघायचा असेल तर प्रश्न नाही. नाहीतर त्या टोकाला १२ व्होल्टची बॅटरी, ४० ते ५० वॅटचं सोलर पॅनल, आणि सीपीई २४ व्होल्टची असेल तर १२ ते २४ चा बूस्टर.

धानपट्टा_भंडारा | मंगळवार, रात्री ९.४०

केबल टाकली, जुना राउटर मागे बसवला. टीव्हीमागे उणे ४८. आता मागच्या खोलीतला दुसरा टीव्ही, २०१५ चा. तारीख बरोबर आहे, वायफाय जोडलेलं आहे, एक ॲप चालतं, दोन उघडत नाहीत.

सोल्डर_वर्धा | मंगळवार, रात्री १०.००

वयाचा दोष आहे तो, ताई. टीव्हीच्या आत विश्वासाच्या मूळ सर्टिफिकेटांची यादी असते, तीही जुनी होते. अशाच एका मोठ्या मूळ सर्टिफिकेटची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. ज्या उपकरणांना नवं मूळ सर्टिफिकेट देणारा अपडेट मिळालाच नव्हता, त्यांतल्या अनेकांना कितीतरी साइट उघडता येईनात. काही ॲपनी जुन्या टीव्हींसाठी सेवाच थांबवली. सेटिंगने हे सुटत नाही. एचडीएमआयच्या भोकात स्टिक किंवा छोटा अँड्रॉइड बॉक्स लावा. पडदा चांगला आहे तोवर टीव्ही टाकून देण्याची गरज नाही. स्टिकला वीज तिच्या सोबतच्या ॲडॉप्टरनेच द्या. टीव्हीच्या यूएसबीतून साधारण अर्धा अँपिअरच मिळतो, स्टिकला एक लागतो, मग ती मधेच रीस्टार्ट होते आणि लोक वायफायला दोष देतात. स्टिकसोबत आलेली वीतभर एचडीएमआय वायर वापरा, म्हणजे ती टीव्हीच्या पत्र्यामागे दबत नाही.

यूएसबीचं वायफाय डोंगल मात्र बघून घ्या. टीव्ही कुठलंही डोंगल ओळखत नाही, त्याच्या कंपनीने सांगितलेलंच लागतं.

संत्रापट्टा | बुधवार, रात्री ९.३०

राउटर कूलरपासून सहा फूट बाजूला, दाराच्या चौकटीच्या वर लावला. टीव्हीमागे उणे ६१. ओएनटीवर आरएक्स पॉवर उणे २१.४. मिनी यूपीएस १२ व्होल्ट २ अँपिअरचा, पिन जुळली. आज साडेसातला इन्व्हर्टर आणि मेन दोन्ही बंद करून अर्धा तास ठेवले, मग चालू केले. टीव्हीने आधी १ जानेवारी, पहाटे ५.३० दाखवलं, मिनिटभरात आजची तारीख आली आणि ॲप उघडलं. आत्तापर्यंत एकदाही थांबलं नाही.

यूपीएस हाताला कोमट लागतोय, ते चालेल ना?

सोल्डर_वर्धा | बुधवार, रात्री ९.५०

अर्ध्या तासानंतर पुन्हा भरतोय, कोमट लागणारच. चटका बसेल इतका तापला तर काढा. राउटरच्या पाठीला चिकटवून ठेवू नका, भिंतीवर मोकळा टांगा, आणि कूलरचे शिंतोडे तिथवर येत नाहीत ना ते बघा.